गप्पसरांचा प्रश्न

ज्या वर्षी माझ्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं, मोडलं आणि परत त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलेलं होतं. त्यामुळे माझी लेक आणि माझा धाकटा भाऊ यांची जुंपली आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण दोघंही माझ्याच स्वयंपाकघरात येऊन भांडत.

भाऊ विद्यापीठात भूगोल शिकवायचा. माझ्याहून तो इतका लहान, की आईपेक्षा माझ्याच कडेवर जास्त वाढला. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला खाली यायचा. माझी लेक, जिला घरात आम्ही ठकी म्हणतो, ती त्याच विद्यापीठात नव्याने लागली होती. तिचं काम प्राध्यापकांना एआय शिकवायचं. म्हणजे ते यंत्र, ज्याला काही विचारलं की पानंच्या पानं लिहून देतं. मुलं त्याच्याकडून घरचा अभ्यास करून घेतात म्हणून सगळे प्राध्यापक हवालदिल झाले होते. विद्यापीठाने मग ठरवलं, की आधी शिकवणाऱ्यांनीच ते वापरायला शिकावं. प्रत्येकाने ठकीचं प्रशिक्षण पुरं करायचं आणि आपला एक विषय नव्या पद्धतीने मांडून द्यायचा. जो देणार नाही त्याला पुढच्या सत्रात वर्ग मिळणार नाही, एखाद्या समितीवर बसवतील. कोणी पुरं केलं आणि कोणी नाही, ते ठकीने कळवायचं होतं.

"म्हणजे माझं नाव तू कापणार," भाऊ म्हणाला.

"मी कशाला कापू? तू ये, बस, शीक. कापायचा प्रश्नच नाही."

"मी तुला तीनचाकी चालवायला शिकवली. आता तू मला शिकवणार?"

"मामा, त्या तीनचाकीवरून मी पडले होते."

"न विचारता उतारावर गेलीस म्हणून पडलीस."

घरी ती त्याला 'अरे मामा' म्हणायची आणि विद्यापीठात 'सर, आपण' म्हणायची. भांडण पेटलं की दोन्हींची सरमिसळ व्हायची. "सर, तू ऐकणार आहेस का?" असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवून हसले. ते दोघं काही हसले नाहीत.

भावाची शिकवायची तऱ्हा वेगळी होती, ती सांगायला हवी. तो वर्गात जायचा, फळ्यावर एक नकाशा काढायचा, नदी, डोंगर, गाव, जे असेल ते, आणि खुर्चीत बसून राहायचा. एक शब्द नाही. कोणीतरी काही विचारेपर्यंत तो तोंड उघडायचा नाही. मुलं चुळबुळ करायची, एकमेकांकडे बघायची, आणि शेवटी कोणाला तरी ती शांतता सोसायची नाही. "सर, ही नदी इथे अशी का वळली?" एवढं कोणी म्हटलं, की भाऊ उठायचा. मग तास संपला तरी त्याचं बोलणं संपायचं नाही. मुलं त्याला मागून गप्पसर म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मला अक्षरं त्यानेच शिकवली, मी चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हाही हेच. समोर कागद ठेवला आणि गप्प बसला. मीही हट्टी, मीही गप्प. शेवटी वैतागून मीच विचारलं, "हे पोट सुटलेलं काय आहे?" तो म्हणाला, "ब." त्यानंतर मी थांबलेच नाही. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसचे नंबर, दिसेल ते विचारत सुटले.

तर असा हा माणूस. प्रशिक्षणाला काही जाईना. पहिल्या आठवड्यात गेला नाही, दुसऱ्यात गेला नाही. ठकी घरी आली की जेवायच्या टेबलावर बाकीच्यांच्या गमती सांगायची. त्यालाच ऐकवायला, हे उघड होतं.

"कायद्याचे सर यंत्राला पत्र लिहितात. 'माननीय महोदय, सविनय निवेदन आहे की.' खाली सही करायला जागा सापडेना म्हणून अडून बसले."

"बरोबर आहे त्यांचं," भाऊ म्हणाला. "अनोळखी माणसाशी असंच बोलावं."

"रसायनच्या बाई त्याला रागावतात. चूक केली की परत पहिल्यापासून लिहायला लावतात. आणि अर्थशास्त्राचे सर तर गुण देतात. काल दहापैकी सहा दिले. म्हणाले, मांडणी बरी, पण तळमळ नाही."

मी हसत होते, पण ठकीचा चेहरा पडला होता. ताटातल्या घासाशी चाळा करत ती म्हणाली, "आई, गंमत अशी आहे की कोणीच शिकत नाहीये. सगळे त्याची तोंडी परीक्षा घेतायत. ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे तेच विचारतात. बरोबर आलं तर तोंड वाकडं करतात, चूक आलं तर पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना दाखवत फिरतात. अरे, जे येत नाही ते विचारा ना त्याला."

"प्राध्यापकाला येत नाही असं काय असतं?" मी म्हटलं.

"तेच तर. चारचौघांत कोण सांगणार?"

भाऊ पाणी प्यायला आणि वर गेला.

त्या आठवड्याच्या शेवटी त्याने एक अट काढली. ठकी पायऱ्यांवर सँडल काढत होती, तिथेच तिला गाठून म्हणाला, "आधी तुझ्या आईला शिकवून दाखव. एका दुपारी. ताईला ते वापरता आलं, तर मी येईन."

त्याला वाटलं, जमायचं नाही. मलाही तसंच वाटलं.

रविवारी जेवणं झाल्यावर ठकीने माझ्यासमोर तिचा लॅपटॉप ठेवला. अक्षरं कुठे आहेत ते दाखवलं, बोटाने एकेक दाबायची म्हणाली. भाऊ समोर वर्तमानपत्र घेऊन बसला होता, पण पान उलटत नव्हता.

"काय विचारू?"

"तुला जे माहीत नाही ते."

मग काय, त्याला तोटा नव्हता. मी विचारलं, माझा डावा गुडघा जिना उतरतानाच का दुखतो, चढताना का नाही. त्याने आठ-दहा आजार सांगितले. त्यातले तीन मी लगेच मान्य केले. मी विचारलं, नवरामुलगा एकदा लग्न मोडून परत आला तर त्याच्यावर भरवसा ठेवावा का. त्याने इतकं गोडगोड लिहिलं की नकार का होकार ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं, समुद्राचं पाणी खारट, मग त्याच्यावरच्या ढगाचं का नाही. हे त्याने छान सांगितलं. मला कळलं. इतकी वर्षं भूगोलाचा मास्तर घरात असून हे मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून मी भावाकडे पाहिलं.

"बरोबर सांगतंय का रे?"

"बरोबर आहे," तो वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"मग तू का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलं नाहीस."

ठकी टाळी वाजवून म्हणाली, "चला. आई पास. मामा, उद्या सकाळी. शेवटचा दिवस आहे, नंतर मला नावं कळवायचीत."

ती लॅपटॉप उचलून गेली. भाऊ बसून राहिला. मी कपबशा आवरत होते. मला त्याची ती बसण्याची पद्धत ओळखीची होती. लहानपणी पडून आला की असाच बसायचा, लागलेल्या जागेवर हात झाकून.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"भाऊ, मी तुझी विद्यार्थिनी आहे. विचारलं की तुला सांगावं लागतं, हा तुझाच नियम."

त्याने टेबलावरचा एक डाग नखाने खरवडला. मग म्हणाला, "ताई, मला कोणी विचारत नाही आता."

"म्हणजे?"

"मी नकाशा काढतो आणि बसतो. मुलं फोनने फळ्याचा फोटो काढतात आणि तीही बसतात. शांत. चांगली मुलं आहेत, दंगा नाही, काही नाही. घंटा झाली की नमस्कार करून जातात. गेलं अख्खं सत्र मी त्या वर्गात एक शब्द बोललो नाही."

"आणि तू बसून राहतोस?"

"मग काय करू? उठून व्याख्यान झोडू? ते मला जमलं असतं तर कधीच केलं नसतं का? त्यांना जे विचारायचं ते ती त्या यंत्राला विचारतात. घरी जाऊन, फोटो दाखवून. आता मीच जाऊन त्याच्याकडे शिकायचं? आणि ते सगळ्यांसमोर? त्यापेक्षा ठकीने नाव कापलेलं बरं. म्हणतील म्हातारा तत्त्वाचा पक्का होता."

आता मला समजलं. लोकांना वाटत होतं की हा ताठा आहे. तो ताठा नव्हता. वर्ग गेला तर त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि वर्ग तर आतून आधीच गेलेला होता. हे कोणाला कळण्याआधी त्याला तिथून उठून जायचं होतं.

"ठकीला सांगू का?" मी विचारलं.

"नाही."

"बरं. पण अट तूच घातली होतीस आणि मी पास झालेय. उद्या चल. मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"मला त्या गुडघ्याचं अर्धं विचारायचं राहिलंय."

सकाळी आम्ही दोघं गेलो. प्रशिक्षणाची खोली लांबट होती, दोन्ही भिंतींना संगणक, मध्ये चाकांच्या खुर्च्या. प्राध्यापक मंडळी त्या खुर्च्यांवरून लहान मुलांसारखी इकडून तिकडे सरकत होती. समोर मोठा पडदा होता. भाऊ आत आला तशी कुजबुज झाली. कायद्याच्या सरांनी उठून त्याला जागा दिली. "या, या, गप्पसर. तुमची उणीव होती. आम्ही बोलून बोलून दमलो."

रसायनच्या बाईंनी मला विचारलं, "आपण कुठल्या विभागाच्या?"

"गुडघ्याच्या," मी म्हटलं.

ठकी पुढे उभी राहिली. साडी नीट, पण आवाज किंचित कापरा होता, तो मला कळला. ती म्हणाली, "आज एकच काम आहे. शिकवताना आपल्याला खरोखर जे जमत नाही, असं एक काहीतरी प्रत्येकाने यंत्राला विचारायचं. इथे, पडद्यावर, सगळ्यांसमोर. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते चालणार नाही. कोण सुरुवात करतंय?"

कोणी नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी चष्मा पुसायला काढला. कोणाच्या तरी खुर्चीचं चाक कुरकुरलं.

आणि मग ठकी खाली बसली. हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

मी भावाकडे पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. ती त्याचीच नक्कल करत होती असं नाही. तिला दुसरं काही सुचलंच नसेल. लहानपणापासून तिने शिकवणं म्हणजे हेच पाहिलं होतं.

शांतता वाढत गेली. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक मागे घेताना टीं टीं करत होता, तो थांबला. रसायनच्या बाई म्हणाल्या, "चहा किती वाजता आहे?" ठकी काही बोलली नाही. कायद्याच्या सरांनी खोकून पाहिलं. तरी ती बोलली नाही. मला वाटलं, आता ही पोर रडते की काय. पण ती हलली नाही.

भाऊ उठला.

पुढच्या संगणकाशी जाऊन त्याने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला सुरुवात केली. पडद्यावर शब्द उमटत गेले तसे सगळे वाचत गेले. मीही वाचलं. 'माझ्या वर्गात मुलं मला काही विचारत नाहीत. मी काय करू?'

कोणी हसलं नाही. खुर्च्यांची चाकंसुद्धा थांबली होती.

यंत्राने क्षणात मोठी यादी दिली. वर्गात हसतमुखाने प्रवेश करा. मुलांची नावं लक्षात ठेवा. सुरुवातीला सोपे प्रश्न विचारून त्यांचा आत्मविश्वास वाढवा. असं बरंच खाली जात होतं.

"हसतमुखाने?" भाऊ म्हणाला, आणि आता मात्र खोलीभर हशा पिकला. त्यालाही हसू आलं. त्याने परत लिहिलं, 'सोपे प्रश्न विचारणं मला पटत नाही.' यंत्र म्हणालं, आपलं अगदी बरोबर आहे, सोपे प्रश्न टाळलेलेच उत्तम.

"मग आधी कशाला सांगितलंस?" भाऊ पडद्याला म्हणाला. "हा बघा. जरा डोळे वटारले की पाय धरतो. असला विद्यार्थी मला एकही मिळाला नाही."

मागून कायद्याच्या सरांचा आवाज आला. खाली बघून बोलत होते. "मलाही कोणी विचारत नाही. मी त्यांना वेळच देत नाही, म्हणून लक्षात आलं नव्हतं."

"माझ्याकडे विचारतात," रसायनच्या बाई म्हणाल्या. "परीक्षेत काय येणार एवढंच."

"ते मोजू नका," अर्थशास्त्राचे सर म्हणाले. "ते मोजलं तर मी फार लोकप्रिय आहे."

मग एकेक जण बोलू लागला. इतके दिवस जी माणसं यंत्राच्या चुका मोजत होती ती आता आपापल्या वर्गाचं सांगायला लागली. कोणाची मुलं शेवटच्या बाकावर झोपत होती, कोणाला प्रश्न आला तर उत्तर येणार नाही याची धास्ती होती. एकाने तर सांगितलं की तो फळ्याकडे तोंड करून शिकवतो, म्हणजे दिसायलाच नको. पडद्यावरची यादी तशीच राहिली, तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

ठकी उठली आणि भावाच्या खुर्चीशी आली. "सर," ती म्हणाली, "मुलं विचारत नाहीत असं नाही. विचारतात. फक्त ती तिथे विचारतात." तिने संगणकाकडे बोट केलं. "तिथे कोणी हसत नाही म्हणून. विचारणं गेलेलं नाही मामा, ते दुसरीकडे राहायला गेलंय."

भावाने खुर्ची तिच्याकडे फिरवली. मग म्हणाला, "ठकी, ते वर्गात परत आणायचं कसं?"

सगळ्या विद्यापीठासमोर त्याने तिला ठकी म्हटलं होतं. पण ती लाजली नाही, कारण मामाने तिला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं, असं.

"मला पण नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "बसू या?"

दुपारपर्यंत ते दोघं एका टेबलाशी बसले होते. मध्येच कायद्याचे सर आपली खुर्ची सरकवत तिथे गेले, मग बाई गेल्या. मी चहा प्यायले. गुडघ्याचं विचारायचं राहूनच गेलं. शेवटी जे निघालं ते साधं होतं. भावाने नकाशा आधीच मुलांना द्यायचा. मुलांनी घरी त्या यंत्राला हवं ते विचारायचं, लपूनछपून नाही, उघड. आणि वर्गात येताना उत्तर आणायचं नाही. त्या उत्तरातलं आपल्याला न पटलेलं किंवा न कळलेलं आणायचं. गुण त्याला. वर्गात भाऊ पूर्वीसारखाच गप्प बसणार.

"गप्प बसणं सोडणार नाही म्हणजे," ठकी म्हणाली.

"ते माझं भांडवल आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी तिने सगळी नावं कळवली. त्यातलं एकही कापावं लागलं नाही.

सत्र सुरू झालं. भावाने नकाशे आधीच वाटले होते. पहिल्या तासाच्या दिवशी मी उगीचच गॅलरीत उभी होते. भाऊ रोजच्या वेळेला आला नाही. ठकी आधी आली. तिलाही काही माहीत नव्हतं. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. आम्ही दोघी एकमेकींना धीर देत बसलो आणि दोघींनाही धीर आला नाही.

तो आला तो काहीतरी पुटपुटत. पिशवी खुर्चीवर टाकली आणि हाताने खूण केली, पाणी. पाणी प्यायल्यावरही आवाज धड निघेना.

"घसा बसलाय की काय?" मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग फाटक्या आवाजात सांगू लागला. आधी वर्ग नेहमीसारखाच गप्प होता. बराच वेळ. त्याला वाटलं, संपलं. मग खिडकीशी बसलेली एक मुलगी कागद वर धरून म्हणाली, सर, हे म्हणतंय की नदी इथे रुंद झाली कारण उतार कमी आहे. पण तुम्ही तर इथे उताराच्या रेषा दाट काढल्यात, म्हणजे उतार जास्त. मग कोण चूक, ते का तुम्ही?

"मग?" ठकी पुढे सरकली.

"मग काय? मी उठलो."

"आणि कोण चूक होतं?"

तो जरा ओशाळला. "रेषा मी जास्त दाट काढल्या होत्या. म्हटलं तसं. तर मागून दुसरा उठला. म्हणाला, मग सर, दुसरा नकाशापण तपासू या का? दोन तास बसलो होतो. पुढच्या वर्गाची मुलं दारात उभी राहिली, त्यांनाही आत घेतलं." त्याने परत पाणी मागितलं. "उद्या मला मिठाच्या गुळण्या करायला उठव. उद्यासुद्धा तास आहे."

ठकी हसत त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती, ठसका लागलेल्या मुलाला मारतात तशा. मी मिठाचं पाणी गरम करायला ठेवलं.

भावाने ते सत्र शिकवलं आणि त्याच्या पुढची दोनही शिकवली. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना, थंडी ओसरत होती तेव्हा, एका मंगळवारी दुपारी जेवून वर झोपला तो उठला नाही. माझा भाऊ त्या दिवशी गेला.